आयफोनवर बटण गायब, विंडोज ७ वर रंग गायब: साइट तपासायची किती ठिकाणी?

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद-बेदाण्याच्या अडत दुकानासाठी साइट केली आहे. शेतकऱ्याने माल नोंदवायचा, सौद्याचे दर बघायचे, हिशोबपट्टी उतरवून घ्यायची, एवढंच तिचं काम. टेलविंड या तयार रंग-रचनेच्या साधनाच्या ४ थ्या आवृत्तीवर बांधलेली. करणाऱ्याच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये सगळं ठाकठीक. पण एका खरेदीदाराच्या आयफोनवर तळाचं ‘नोंद करा’ बटण दिसतच नाही. दुकानातल्या विंडोज ७ च्या पीसीवर रंग उडालेत आणि मराठी अक्षरांचे रफार-वेलांट्या वरून कापल्या जातात. जतकडच्या दोन शेतकऱ्यांच्या फोनवर नुसतं पांढरं पान येतं. सगळ्या ब्राउझरवर तपासायचं तर आता मॅकबुक घ्यावं लागेल का?

मॅकबुक नको. एक वापरलेला जुना आयफोन, एक जुना अँड्रॉइड, दुकानातला तोच विंडोज ७ चा पीसी आणि तुमच्या लॅपटॉपवर फुकट मिळणारं, ब्राउझर आपोआप चालवून तपासणारं प्लेराइट, एवढ्यावर या साइटचं काम भागतं. मात्र यातलं कुठलं साधन कशाला आंधळं आहे हे माहीत हवं. बहुतेकांची फसगत तिथेच होते: दहा ठिकाणी तपासलेलं असतं, पण दहाही ठिकाणी एकच गोष्ट तपासलेली असते.

ब्राउझरची नावं मोजू नका, इंजिनं (पान वाचून पडद्यावर काढणारा आतला भाग) मोजा. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट ही सगळी ब्लिंक इंजिनावर चालतात. एजसुद्धा जानेवारी २०२० पासून त्याच घरात आला. फायरफॉक्सचं गेको वेगळं, सफारीचं वेबकिट वेगळं. म्हणजे लॅपटॉपवर क्रोम, एज आणि ब्रेव्ह असं तिन्हीकडे बघितलं तर तपासणी एकदाच झाली. उलट आयफोनवर क्रोम टाकला तरी आत वेबकिटच असतं. युरोपीय संघात २०२४ पासून ॲपलला त्यातून सूट द्यावी लागली, आपल्याकडे ती नाही. त्यामुळे ‘ग्राहकाला म्हणावं आयफोनवर क्रोम वापर’ हा उपाय नव्हेच.

दुसरी गोष्ट आवृत्तीची, आणि तुमच्या चारपैकी निदान दोन तक्रारी तिथल्या आहेत. ब्राउझर आपोआप ताजे होतात हे खरं, पण खालची ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली की एका ठिकाणी अडकून पडतात. विंडोज ७ वर क्रोम १०९ हा शेवटचा, जानेवारी २०२३ मधला. अँड्रॉइड ७ वर क्रोम ११९ शेवटचा. आयफोनवर तर सफारी आयओएसच्या बरोबरच येतो: आयफोन ७ आयओएस १५ च्या पुढे जात नाही, आयफोन ८ आयओएस १६ च्या पुढे जात नाही, म्हणजे त्यांचा सफारीही तिथेच गोठला. शिवाय जत-आटपाडीकडच्या फोनमध्ये आणखी एक भानगड असते. फोन तसा चालेल असा असतो, पण मेमरी व्हॉट्सॲपच्या फोटो-व्हिडिओंनी भरलेली, म्हणून प्ले स्टोअरचे अपडेट वर्षानुवर्षं झालेलेच नसतात. अशा फोनवर अँड्रॉइड १० आणि क्रोम ८० असं जोडपं निघालं तरी नवल वाटून घेऊ नका. इंटरनेट एक्स्प्लोरर ११ मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला बंद केला. तो यादीतून बिनधास्त काढा.

आता हे आकडे तुमच्या साइटला लावून बघा. टेलविंड ४ ची जाहीर किमान पातळी आहे क्रोम १११, सफारी १६.४, फायरफॉक्स १२८. दुकानातला क्रोम १०९ तिच्या खाली. टेलविंड ४ चे ठरलेले रंग ओकेएलसीएच या पद्धतीने लिहिलेले असतात आणि ती पद्धत क्रोमला १११ पासून कळते. १०९ ला कळत नाही म्हणून तो ती ओळ सरळ सोडून देतो, आणि बटण पांढऱ्यावर पांढरं होतं. यात तुमच्या कोडची चूक शोधत बसू नका. दोन वाटा आहेत. टेलविंड ३.४ वर परत या (जुन्या ब्राउझरसाठी त्यांचाही सल्ला तोच आहे), किंवा थीममधले रंग साध्या हेक्समध्ये (# ने सुरू होणारा रंगाचा कोड) लिहून घ्या आणि कलर-मिक्सवर (दोन रंग मिसळणारं फंक्शन) अवलंबून असलेल्या छटा टाळा. दुकानाचा रोजचा पीसीच विंडोज ७ असेल तर पहिली वाट बरी. तोपर्यंत त्या पीसीवर फायरफॉक्सची ११५ ईएसआर (दीर्घकाळ सांभाळली जाणारी) शाखा टाका. ती विंडोज ७ वर चालते आणि ओकेएलसीएच रंग तिला कळतात.

जाता जाता याच पीसीबद्दल: जावास्क्रिप्टमधलं टू-सॉर्टेड हे फंक्शन क्रोम ११० मध्ये आलं. १०९ ला ते एका आवृत्तीने हुकलं. दरांची यादी त्याने लावली असेल तर दुकानात ती यादी उघडणारच नाही. साध्या प्रत काढून केलेल्या सॉर्टने तेच काम होतं.

पांढऱ्या पानाकडे येऊ. पांढरं पान म्हणजे जवळजवळ नेहमी जावास्क्रिप्ट सुरू होण्याआधीच कोसळलेलं असतं, आणि त्याचे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत, कारण औषध वेगळं आहे. पहिला प्रकार व्याकरणाचा. ब्राउझरला न कळणारी खूण फाईलमध्ये एकदा जरी आली तरी तो पूर्ण फाईल टाकून देतो. प्रश्नचिन्ह-टिंबाची ऑप्शनल चेनिंग क्रोम ८० पासून आहे, दोन प्रश्नचिन्हं आणि बरोबर हे चिन्ह ८५ पासून. ७९ वर पहिलं आलं की संपलं. यावर उपाय बिल्डमध्ये, म्हणजे कोड बांधून साइट तयार होते त्या पायरीत: बेबल हे साधन असेल तर ब्राउझर्सलिस्टमध्ये आणि व्हाइट (Vite) असेल तर त्याच्या बिल्ड-टार्गेटमध्ये किमान आवृत्ती स्पष्ट लिहा, मग ते व्याकरण खाली उतरवून देतात. दुसरा प्रकार म्हणजे व्याकरण बरोबर, पण फंक्शनच अस्तित्वात नाही. ॲरेचं ‘ॲट’ क्रोम ९२ पासून आहे, तसं. व्हाइट आपण होऊन फक्त व्याकरण बदलतो, नसलेली फंक्शनं पुरवत नाही. त्यासाठी त्याचं लेगसी प्लगइन किंवा कोअर-जेएस ही नसलेली फंक्शनं पुरवणारी लायब्ररी लागते. पुष्कळ जण टार्गेट खाली आणतात आणि तरी पान पांढरंच का, म्हणून डोकं धरून बसतात.

एक तिसरा प्रकार आहे, तो आयफोनचा. रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरातला नमुना शोधायच्या सूत्रातलं) लुकबिहाइंड, म्हणजे मागची अक्षरं बघणारी अट, सफारीत १६.४ पासून, म्हणजे मार्च २०२३ पासून आलं. त्याआधीच्या आयफोनवर असं एक एक्स्प्रेशन संपूर्ण फाईल पाडतं, आणि बेबलही ते बदलून देत नाही. रकमेत स्वल्पविराम घालायचं नेटवरून उचललेलं ‘एका ओळीतलं’ एक्स्प्रेशन बरेचदा हेच असतं. प्रोजेक्टमध्ये आणि बाहेरून घेतलेल्या लायब्ररींमध्येही शोधा: कंसापाठोपाठ प्रश्नचिन्ह, लहानापेक्षा चिन्ह आणि मग बरोबर किंवा उद्गारचिन्ह.

पण जतच्या शेतकऱ्याचा फोन तुमच्या हातात नाही, मग नेमकं कारण कळायचं कसं? पानाच्या अगदी वर, मुख्य बंडलच्या (साइटच्या एकत्र बांधलेल्या जावास्क्रिप्ट फाईलच्या) आधी, दहा-पंधरा ओळींची वेगळी स्क्रिप्ट ठेवा. जुन्या व्याकरणात, व्हार आणि फंक्शन एवढंच वापरून. तिने विंडोच्या ऑनएरर घटनेत संदेश, फाईलचं नाव, ओळ आणि युजर एजंट (ब्राउझर स्वतःची देतो ती ओळख) तुमच्या सर्व्हरला पाठवायचं. पुढच्या फाईलमधली व्याकरणाची चूकही तिथे सापडते. बंडल दुसऱ्या डोमेनवरून येत असेल तर स्क्रिप्ट टॅगला क्रॉसओरिजिन लावा आणि त्या सर्व्हरने कॉर्सचा (दुसऱ्या डोमेनला परवानगी देणारा) हेडर द्यायला हवा, नाहीतर नुसतं ‘स्क्रिप्ट एरर’ एवढंच हाती लागतं. लोकांना स्क्रीनशॉट मागत बसण्यापेक्षा ही सोय कितीतरी बरी. पांढऱ्या पानाच्या स्क्रीनशॉटमध्ये दिसणार तरी काय?

नोंदीतला युजर एजंट वाचताना मात्र सावध राहा. क्रोम ११० पासून अँड्रॉइडवरचा प्रत्येक क्रोम स्वतःला ‘अँड्रॉइड १०, के’ म्हणवतो, मग फोन कोणताही असो. विंडोज ११ सुद्धा ‘एनटी १०.०’ असंच सांगतो. आयपॅड स्वतःला मॅक म्हणवतो. क्रोमच्या आवृत्तीचा पहिला आकडा मात्र खरा असतो. मोजणी त्याच्यावर करा, फोनच्या नावावर नको. महिनाभराच्या नोंदी हाताशी आल्या की तपासायची यादी त्यातूनच निघते. जगभरातल्या टक्केवाऱ्यांवरून सांगलीच्या मार्केट यार्डाची यादी करू नये.

जुन्या अँड्रॉइडवर जावास्क्रिप्टपर्यंत न पोचताच पान अडण्याचं आणखी एक कारण प्रमाणपत्राचं. एचटीटीपीएससाठी फुकट प्रमाणपत्र देणाऱ्या लेट्स एनक्रिप्टचं सध्याचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनच्या यादीत नाही. जुन्या मुळाशी जोडणारी तजवीज सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. तिथे क्रोम ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतो, तर फायरफॉक्स त्याच फोनवर चालतो, कारण तो स्वतःची यादी बाळगतो. तक्रार करणाऱ्याला ‘पांढरं पान दिसतं की इशारा दिसतो’ एवढं फोनवर विचारलं तरी हा प्रकार वेगळा काढता येतो.

आता आयफोनवरचं बटण. पानाची उंची १०० व्हीएच (स्क्रीनच्या उंचीचे १०० टक्के) दिली असणार आणि बटण त्या चौकटीच्या तळाशी असणार. आयफोनच्या सफारीत १०० व्हीएच म्हणजे खालची पट्टी आक्रसलेली असतानाची, म्हणजे सर्वांत मोठी उंची. पान उघडतं तेव्हा पट्टी पूर्ण असते, आणि बटण तिच्यामागे जातं. आधी १०० व्हीएच आणि लगेच खालच्या ओळीत १०० डीव्हीएच (त्या क्षणी खरी दिसणारी उंची) लिहा. जुना ब्राउझर दुसरी ओळ सोडून देतो. डीव्हीएच सफारीत १५.४ पासून आणि क्रोममध्ये १०८ पासून आहे. बटण तळाला चिकटवलेलं असेल तर व्ह्यूपोर्ट टॅगमध्ये व्ह्यूपोर्ट-फिट कव्हर द्या आणि खालच्या पॅडिंगमध्ये सेफ-एरिया-इनसेट-बॉटम मिळवा, नाहीतर खालच्या आडव्या रेषेवर बोट जाऊन ॲपच बंद होतं. कीबोर्ड वर आला की फिक्स्ड बटण त्याच्यामागे दडतं, हेही लक्षात असू द्या. आयफोनवर पहिल्यापासून असंच आहे, आणि क्रोमनेही अँड्रॉइडवर १०८ पासून हीच रीत धरली. म्हणून फॉर्ममधलं बटण तळाला न चिकटवता शेवटच्या रकान्याखाली साधं ठेवलेलं चांगलं.

हा बिघाड क्रोमच्या डेव्हटूल्समधल्या ‘आयफोन’ दृश्यात कधीच दिसणार नाही. तिथे रुंदी बदलते, स्पर्शाची नक्कल होते, युजर एजंट बदलतो. इंजिन ब्लिंकच राहतं आणि सफारीची पट्टी नसते. रचना जुळवायला ते छान आहे, पण त्याला तपासणी म्हणू नका.

प्लेराइट त्याच्या एक पायरी वर. नोड बसवून ते इन्स्टॉल केलं की विंडोजवरसुद्धा क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट तिन्ही मिळतात. लुकबिहाइंड, ग्रिड, तारखा, साठवण अशा इंजिनाच्या गोष्टी तिथल्या वेबकिटमध्ये बऱ्याच पकडल्या जातात. मात्र ते वेबकिट ताजं असतं, आयफोन ७ इतकं जुनं नसतं. त्यात पट्टी नाही, आयफोनचा कीबोर्ड नाही, आणि विंडोजवर अक्षरं रेखाटण्याची ॲपलची यंत्रणा नाही. म्हणून मराठी अक्षरांचा निकाल त्यावरून लावू नका. विंडोजसाठी सफारी शोधत असाल तर २०१२ ची ५.१.७ ही शेवटची. ती चुकूनही टाकू नका.

म्हणून खरा आयफोन. नवा घ्यायची गरज नाही, उलट जुनाच उपयोगाचा: आयफोन ७ किंवा ८, काचेला तडा गेलेला चालेल. घेताना तीन गोष्टी बघा. आधीच्या मालकाचं आयक्लाउड खातं निघालेलं असावं (नाहीतर ॲक्टिव्हेशन लॉकमुळे तो फोन निरुपयोगी), वायफाय नीट चालावं आणि बॅटरी फुगलेली नसावी. ताज्या आयफोनसाठी ओळखीतल्या कुणाचा पाच मिनिटं मागून घ्या, किंवा ब्राउझरस्टॅक, लॅम्ब्डाटेस्टसारख्या सेवेवर खरा फोन दुरून वापरा. या सेवा क्वचित लागणाऱ्या जोड्यांसाठी उत्तम, पण रोजच्या कामाला कंटाळवाण्या: प्रत्येक स्पर्श उशिराने पोचतो, त्यामुळे स्क्रोल अडखळतं ते साइटमुळे की नेटमुळे हे कळत नाही.

आयफोनचा कन्सोल (चुका दाखवणारी खिडकी) बघायला एरवी मॅक लागतो. त्याला पर्याय म्हणून एरुडा नावाची छोटी लायब्ररी आहे, ती पानातच कन्सोल उघडते. पत्त्यात एखादा ठरावीक शब्द असला तरच ती लोड होईल असं करा आणि मुख्य बंडलच्या आधी ठेवा.

अँड्रॉइडचं सोपं आहे. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टिचकी, मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग सुरू. केबल जोडा, लॅपटॉपच्या क्रोममध्ये क्रोम://इन्स्पेक्ट उघडा आणि तिथल्या पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये ५१७३ लिहा (व्हाइटचा ठरलेला पोर्ट). आता फोनवर लोकलहोस्ट उघडलं की लॅपटॉपवरची साइट दिसते. व्हाइट ‘होस्ट’ पर्याय लावून चालवलं तर वायफायवरून १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरही ती उघडते, पण त्यात खोच आहे: कॅमेरा, लोकेशन, क्लिपबोर्ड, सर्व्हिस वर्कर या गोष्टी फक्त एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्टवर चालतात. ‘लॅपटॉपवर लोकेशन मिळतं, फोनवर मिळत नाही’ ही तक्रार निम्म्या वेळा एवढ्यावरूनच असते. विंडोज ७ साठी मात्र दुकानातल्या पीसीला पर्याय नाही. २०२२ च्या अखेरची प्लेराइटची १.२९ ही आवृत्ती बसवली तर तिच्याबरोबर क्रोमियम १०९ मिळतं आणि इंजिनापुरतं काम होतं, पण फाँट तुमच्या विंडोजचे दिसतात.

आणि फाँट हाच तर मराठी साइटचा खरा जाच. इंग्रजीसाठी लिहिलेल्या तपासणीच्या याद्यांमध्ये हा भाग नसतोच.

विंडोज ७ मध्ये देवनागरीसाठी मुख्यतः मंगल आहे. अपराजिता, कोकिळा, उत्साह हेही आहेत. निर्मला यूआय विंडोज ८ पासून आला. अँड्रॉइडवर नोटो सॅन्स देवनागरी, मॅक-आयफोनवर कोहिनूर देवनागरी. प्रत्येकाची उंची वेगळी. तुम्ही निर्मलावर बघून बटणाची उंची ४० पिक्सेल, ओळीची उंची १.२ आणि ओव्हरफ्लो हिडन असं ठरवलं. मंगल वर-खाली जास्त जागा घेतो, म्हणून ‘सर्व’चा रफार, ‘मिळालेली’च्या वेलांट्या आणि ‘कृष्णा’चा ऋकार चौकटीच्या बाहेर जाऊन कापले जातात. उपाय: मराठी मजकुराला ओळीची उंची १.५ ते १.७, बटणाला ठाम उंचीऐवजी किमान उंची आणि पॅडिंग, आणि जमलं तर स्वतःचा वेबफाँट. वेबफाँट दिला तर ठळक जाडीची फाईलही द्या. ती नसली तर ब्राउझर साधं अक्षरच फुगवून ठळक करतो, आणि ‘ष्ट’, ‘द्ध’, ‘क्ष’ यांच्या पोटातली पोकळी बुजते. देवनागरी फाईल लॅटिनपेक्षा चांगलीच जड असते, म्हणून फाँट-डिस्प्ले स्वॅप ठेवा. पाटण खोऱ्यात किंवा जतच्या पूर्वेला नेट मंद असताना फाँट येईपर्यंत कोरं पान दिसण्यापेक्षा आधी फोनचा फाँट दिसलेला बरा.

तयार टेम्प्लेटमध्ये शीर्षकांना लेटर-स्पेसिंग दिलेलं असतं. मराठीत ते शून्य करा, शिरोरेषा तुटते. पानाच्या लँग गुणधर्मात ‘एमआर’ लिहा. त्याने काही फाँटांत पाकळीचा ल आणि देठाचा श येतो. पण खरा फायदा दुसराच: लँग इंग्रजी राहिलं की क्रोम भाषांतर करायला पुढे सरसावतो, आणि भाषांतराने पानाची रचना बदलली की रिॲक्ट या लायब्ररीवरची साइट मध्येच कोसळते. ‘कधीकधीच बंद पडते’ अशा तक्रारींमागे हे हमखास निघतं.

तपासायला ‘लोरेम इप्सम’ नको, अशी ओळ हवी: ‘दुसऱ्या वर्षी ज्येष्ठात कृष्णाकाठी ऱ्हस्व-दीर्घ, वाङ्मय, शृंगार, ॲप, ऑर्डर, कवठेमहांकाळ’. ही प्रत्येक रकान्यात आणि प्रत्येक बटणात घालून बघा. शोधाची खिडकी असेल तर हीच अक्षरं दोन तऱ्हांनी टाइप करून शोधा. ‘दुसऱ्या’ कुणी नुक्त्याच्या ऱ ने लिहितो, कुणी र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्हाने. ‘ॲप’चंही तसंच. युनिकोडच्या एनएफसी पद्धतीने मजकूर एकसारखा केला तर र अधिक नुक्ता आणि ऱ एक होतात, बाकीच्या जोड्या होत नाहीत. त्या सर्व्हरवर स्वतः बदलून घ्याव्या लागतात. जुन्या बिलांतून श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधला मजकूर कुणी चिकटवला तर तो सगळ्याच ब्राउझरमध्ये अगम्य दिसणार. तो ब्राउझरचा बिघाड नव्हे, आधी युनिकोडमध्ये बदलायला हवा.

आकड्यांचं एक जास्त महागात पडतं. रक्कम दाखवायला टू-लोकेल-स्ट्रिंगला ‘एमआर-आयएन’ दिलं की ती १,२३,४५६ अशी देवनागरीत येते. दिसायला छान, पण तीच परत वाचून बेरीज केली की एनएएन, म्हणजे ‘ही संख्याच नाही’. हिशोब मूळ संख्येवरच करा, देवनागरी फक्त दाखवायला. वजनाच्या रकान्याला टाइप नंबर देण्यापेक्षा टाइप टेक्स्ट आणि इनपुटमोड डेसिमल द्या, आणि सर्व्हरवर ० ते ९ दोन्ही लिप्यांत स्वीकारा. याच रकान्यांना अक्षराचा आकार १६ पिक्सेलपेक्षा कमी ठेवला तर आयफोन स्पर्श होताच पान मोठं करतो आणि ते तसंच राहतं. त्यासाठी झूम बंद करू नका, अक्षर १६ चं करा.

तारखा: जुन्या सफारीला ‘२०२५-०३-०५ १०:३०’ अशी मध्ये मोकळी जागा असलेली तारीख वाचता येत नव्हती, मध्ये इंग्रजी टी हवा. आणि नुसती ‘२०२५-०३-०५’ ही तारीख सगळेच ब्राउझर जागतिक वेळेत धरतात. आपल्याकडे ती सकाळचे साडेपाच होते म्हणून कळत नाही, पण अमेरिकेतल्या खरेदीदाराला सौदा आदल्या दिवशीचा दिसतो. प्लेराइटमध्ये टाइमझोन बदलून हे मिनिटात तपासता येतं. टाइप मंथ डेस्कटॉपवरच्या फायरफॉक्स आणि सफारीत नुसता मजकुराचा रकाना होतो. महिन्यासाठी साधी निवडयादी द्या.

हिशोबपट्टीची पीडीएफ नव्या खिडकीत उघडत असाल तर ती आयफोनवर मुकाट्याने अडवली जाईल. बटण दाबल्यावर आधी सर्व्हरकडून उत्तर आणायचं आणि मग खिडकी उघडायची, हा क्रम सफारीला पॉप-अप वाटतो. साधी लिंक द्या. छापताना पार्श्वभूमीचे रंग मुळात येत नाहीत, त्यामुळे गडद पट्टीवर पांढरी अक्षरं असलेला रकान्यांचा मथळा कागदावर गायब होतो. छपाईसाठी काळ्यावर पांढरं सोडून द्या, काळ्या रेघा पुरतात.

विंडोजच्या दोन सवयी मॅकवर दिसत नाहीत. स्क्रोलबार विंडोजवर खरी जागा खातो, आणि १०० व्हीडब्ल्यूमध्ये (खिडकीची पूर्ण रुंदी) ती जागा धरलेली असते, म्हणून पान आडवं सरकतं. १०० टक्के लिहा. दुसरं, १३६६ रुंदीच्या लॅपटॉपवर स्क्रीनचं स्केलिंग १२५ टक्के असलं की ब्राउझरला १०९३ च्या आसपासच रुंदी मिळते आणि उंची ६१४, त्यातून ब्राउझरच्या पट्ट्या वजा. तुमचा पॉप-अप ६५० उंच असेल तर त्याचं ‘जतन करा’ बटण स्क्रीनच्या खाली गेलं. फोनवर हाच प्रकार अक्षर मोठं केल्याने होतो, आणि वयस्कर शेतकऱ्यांचे फोन बहुधा तसेच असतात. एकदा सेटिंगमध्ये अक्षर सर्वांत मोठं करून पूर्ण नोंद भरून बघा. सॅमसंग इंटरनेटचा गडद मोड लावूनही बघा. पारदर्शक पार्श्वभूमीवरचा काळा लोगो त्यात नाहीसा होतो.

लिंक फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरून जाणार असेल तर ती त्यांच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथे गुगल लॉगिन गुगल स्वतःच नाकारतं, फाईल उतरवणं बेभरवशाचं, आणि यूपीआयची थेट लिंक ‘अनोळखी पत्ता’ म्हणून पडू शकते. आयफोनवर यूपीआय लिंकने कोणतं ॲप उघडेल हे आपल्या हातात नसतं, आणि डेस्कटॉपवर तर काहीच उघडत नाही. पुढे पैसे घ्यायचे झाले तर लिंकबरोबर क्यूआर नेहमी दाखवा.

विंडोजवर चालणारं चित्र लाइव्ह सर्व्हरवर दिसत नसेल तर फाईलचं नाव बघा. लिनक्सला मोठं-लहान इंग्रजी अक्षर वेगळं वाटतं.

क्रम असा ठेवा. प्रत्येक बदलानंतर प्लेराइटच्या तिन्ही इंजिनांवर चारच वाटा आपोआप चालवा: लॉगिन, मालाची नोंद, दर, हिशोबपट्टी. साइट चढवण्याआधी जुन्या आयफोनवर आणि जुन्या अँड्रॉइडवर त्याच चार हाताने, मोबाइल डेटावर. दुकानातल्या पीसीवर आठवड्याला एकदा पुरे, आणि टेलविंड किंवा व्हाइटची आवृत्ती बदलली तर त्याच दिवशी. बिघाड लिहून ठेवताना पाच गोष्टी हव्यातच: फोन किंवा पीसी, सिस्टीमची आवृत्ती, ब्राउझरची पूर्ण आवृत्ती, कोणत्या ॲपमधून लिंक उघडली, आणि खासगी खिडकीतही तसंच होतं का. शेवटची गोष्ट लोक विसरतात, पण जुनी कॅश आणि ॲड-ब्लॉकर हे दोन संशयित तिथेच बाद होतात.

दुकानदाराशी व्यवहार ठरवताना ‘सर्व ब्राउझरवर चालेल’ असं लिहून देऊ नका. लिहा: क्रोम १०९ आणि पुढे, सफारी १५ आणि पुढे, फायरफॉक्स ११५ आणि पुढे. त्याखालच्या फोनवर दर वाचता येतील एवढंच, नोंद दुकानात फोन करून. दर सर्व्हरवरूनच साध्या एचटीएमएलच्या तक्त्यात पाठवले तर क्रोम ८० वरसुद्धा ते दिसतात, जावास्क्रिप्ट पडली तरी.